झोपण्यापूर्वी एक गणित

शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. पहिलीतली ५८७ मुलं त्यात होती. बहुतेकांच्या घरी ‘बेडटाइम मॅथ’ हे ॲप दिलं गेलं: रात्री आईबाबांनी मुलासोबत वाचायची एक गमतीदार माहिती आणि तिच्यावर दोन-चार प्रश्न. उरलेल्यांना तशाच गोष्टी दिल्या, पण गणित वगळून. वर्षअखेरीस गणिताच्या गप्पा झालेली मुलं पुढे गेलेली दिसली. सर्वाधिक फायदा झाला तो ज्यांच्या आईवडिलांनाच गणिताची धास्ती होती, अशा मुलांना.

याच संशोधकांपैकी काहींचं त्याच वर्षीचं दुसरं निरीक्षण मात्र पालकांना टोचेल असं आहे. गणिताला घाबरणारे पालक गृहपाठाला वारंवार मदत करायला बसले, तर मुलं गणित कमी शिकत होती आणि तीही घाबरू लागली होती. म्हणजे पालक तेच, भीतीही तीच. फरक पडला तो बसण्याच्या रीतीत. ॲपने प्रश्न पुरवला, त्यामुळे आईवर शिकवण्याची जबाबदारी आली नाही. “एवढं साधं येत नाही तुला?” म्हणायची वेळही आली नाही.

ऑनलाइन व्हिडिओ-धडे देणाऱ्या खान अकॅडमीचा उगमही असाच घरगुती. सलमान खान (अभिनेता नव्हे) २००४ मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या नादिया या नात्यातल्या बहिणीला दूरवरून, फोन आणि संगणकाच्या मदतीने गणित शिकवू लागले. इतर भावंडांनीही मागणी केली, तेव्हा २००६ पासून व्हिडिओ यूट्यूबवर गेले. आज त्यांचे धडे मराठीतही आहेत. केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ मंच २०१७ मध्ये आला. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने टिपला की तिथलं त्या पाठाचं साहित्य उघडतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी अशा कोडचा वापर करून दाखवला होता. त्यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला.

इंग्रजी व्हिडिओ पाहणाऱ्या मराठी मुलाची एक अडचण घरातल्यांनीच ओळखायला हवी. इंग्रजीत ‘ट्वेंटी सेव्हन’ लिहिण्याच्याच क्रमाने येतं; सत्तावीस म्हणताना मात्र सात आधी ऐकू येतात, लिहायचे नंतर. बरीच मुलं ७२ लिहून बसतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ही दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! वाद बाजूला ठेवून घरी दोन्ही प्रकारे संख्या मोठ्याने वाचून घ्यायला काय हरकत आहे?

वरच्या वर्गांसाठी ‘जिओजेब्रा’ हे गणिताचं सॉफ्टवेअर उत्तम. ऑस्ट्रियाच्या मार्कुस होहेनवार्टर यांनी ते २००१ मध्ये साल्झबुर्गला विकसित करायला घेतलं. त्रिकोणाचा कोपरा बोटाने कितीही ओढा, तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते. पाठ केलेलं विधान डोळ्यांसमोर घडतं.

खरी गोम पातळीची आहे. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणक प्रणालीची चाचणी झाली, तेव्हा त्यातलं सहावीचं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं. प्रणालीने प्रत्येकाला सहावीचा नव्हे, त्याच्या पातळीचा प्रश्न दिला. शाळेनंतरच्या केंद्रात निम्मा वेळ संगणक आणि निम्मा वेळ माणूस शिकवत होता. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली प्रगती इतरांच्या दुपटीच्या आसपास गेली.

नाणी आणि तारे उधळणारी, घड्याळ लावून पळवणारी ॲप्स अशा शिकण्यात बसत नाहीत. त्यात मूल पटपट अंदाज ठोकायला शिकतं. उत्तर बरोबर आलं तरी “कसं काढलंस?” हे कोणीतरी विचारायला हवं, आणि ते विचारायला गणित यावं लागत नाही.

म्हणून ॲप उघडण्याआधी मुलाची इयत्ता विसरून त्याला हातच्याची वजाबाकी येते का, ते पाहावं. येत नसेल तर पाचवीतल्या मुलानेही दुसरीच्या पाठापासून सुरुवात करावी. खान अकॅडमी, दीक्षा आणि बालभारतीची पीडीएफ पुस्तकं विनामूल्य आहेत. वर्षाचं महागडं पॅकेज घेण्याआधी ती महिनाभर तरी वापरून पाहा.