रायगडावरचे वाडे गेले कुठे? आणि ते पुन्हा का बांधत नाहीत?

शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली की पुण्यातली तरुण मंडळी ताम्हिणी घाटातून रायगड गाठतात. दीड हजारांच्या आसपास पायऱ्या चढून किंवा रोपवेने वर पोहोचल्यावर पहिल्यांदा आलेल्या अनेकांना एकच प्रश्न पडतो. ही स्वराज्याची राजधानी होती, 6 जून 1674 ला इथेच राज्याभिषेक झाला, मग वाडे कुठे आहेत? दिसतात ती फक्त दगडी जोती.

याचं मोठं उत्तर 1818 सालच्या वेढ्यात आहे.

1818 मध्ये काय झालं?

5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली. त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेलं आणि दुसरे बाजीराव पेशवे सैन्यासह बाहेर पडले. यानंतर इंग्रजांनी मराठ्यांचे किल्ले एकेक करून घ्यायला सुरुवात केली. सिंहगड मार्च 1818 मध्ये पडला. एप्रिलच्या अखेरीस कर्नल प्रॉथरच्या फौजेने रायगडाला वेढा घातला. त्या वेळी बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई गडावर होत्या.

रायगडाचे कडे चढून जाणं अवघड. त्यामुळे समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून गडावर तोफगोळ्यांचा मारा झाला. गोळ्यांनी इमारतींना आग लागली, राजवाडा जळाला. 10 मे 1818 ला गड इंग्रजांच्या ताब्यात गेला.

मग जोती कशी वाचली?

त्या काळच्या वाड्यांचा पाया आणि जोतं दगडाचं असे. वरचे खांब, तुळया आणि छपराचा सांगाडा लाकडाचा. आग लागली की लाकूड जळतं, वरचा भार खाली येतो आणि काळ्या दगडाचं जोतं तेवढं जागेवर राहतं. जगदीश्वराचं मंदिर किंवा नगारखान्याचा दरवाजा आजही उभा आहे, कारण ही बांधकामं मुख्यतः दगडी आहेत.

पण सगळी पडझड या एकाच वेढ्याची नाही. 1689 मध्ये मुघलांनीही हा गड घेतला होता. आणि 1818 नंतर ओस पडलेल्या गडावर कोकणातला पाऊस दरवर्षी कोसळत राहिला.

शनिवारवाडासुद्धा लढाईतच जळाला का?

नाही. इथे अनेकांची गल्लत होते, कारण दोन्ही ठिकाणी आज दिसतं ते सारखंच: दगडी जोती आणि मोकळं आकाश. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं 17 नोव्हेंबर 1817 ला. वाडा जळाला तो 1828 मध्ये. लढाई संपून तेव्हा दहा वर्षं झाली होती. म्हणून 'इंग्रजांनी तोफा डागून शनिवारवाडा पाडला' अशी रील समोर आली, तर ती पुढे पाठवण्याआधी ही दोन सालं आठवा.

रायगड पुन्हा का बांधत नाहीत?

ही मागणी वरचेवर होते आणि त्यामागची भावना खोटी नाही. जगात तसं झालंही आहे. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं पोलंडमधलं वॉर्सा शहराचं जुनं गावठाण लोकांनी पुन्हा उभं केलं आणि 1980 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा मानलं. पण त्यांच्याकडे जुन्या इमारतींचे आराखडे आणि अठराव्या शतकात काढलेली शहराची बारकाईची चित्रं होती.

रायगडाच्या वाड्यांचे मजले, छपरं, खांबांवरचं कोरीवकाम नेमकं कसं होतं, हे सांगणारे शिवकाळातले तपशीलवार आराखडे उपलब्ध नाहीत. अंदाजाने बांधलेला वाडा आपल्या कल्पनेतला असेल, महाराजांचा नाही. शिवाय नवं बांधकाम मूळ जोत्यावर चढलं की खालचा पुरावा झाकला जातो.

जपानने हिरोशिमात दुसरा मार्ग निवडला. 6 ऑगस्ट 1945 च्या अणुबॉम्बनंतर उरलेली घुमटाची इमारत पाडावी की ठेवावी, यावर तिथे बरीच वर्षं वाद झाला. शेवटी 1966 मध्ये ती आहे तशीच जपायचं ठरलं. पडझड थांबवायची, पण नवं काही जोडायचं नाही, हे त्यामागचं सूत्र. रायगडासारख्या ठिकाणीही ते लागू पडतं.

गडावर गेल्यावर काय पाहाल?

जोत्यावर चढून फोटो काढण्याआधी त्याच्या पायऱ्या, उंबरे आणि खांबांच्या जागा शोधा. खोल्या कुठे होत्या, ये-जा कुठून व्हायची, याचा अंदाज येतो. राजसदरेवरची मेघडंबरी आणि महाराजांचा पुतळा मात्र अलीकडच्या काळातले आहेत.

जुलै 2025 मध्ये रायगडासह 12 किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. हे संरक्षित स्मारक असल्याने दगडावर नाव कोरणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आगीतून आणि दोनशे पावसाळ्यांतून जे वाचलं, ते निदान आपल्या हातून तरी जाऊ नये.