राडारोड्याच्या जागी रान

पुनर्वसनाच्या इमारतींमागे, नाल्याच्या कडेला किंवा रेल्वे रुळांलगत जमिनीचा एखादा बेवारस तुकडा बहुधा असतोच. तिथे आधी राडारोडा पडतो, मग कचरा. उन्हाळ्यात तो दिवसभर तापतो आणि शेजारच्या काँक्रीटसारखाच रात्री उशिरापर्यंत उष्णता बाहेर टाकत राहतो. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना रात्रीही गारवा मिळत नाही आणि शरीरावरचा उष्णतेचा ताण उतरत नाही. वृद्ध, तान्ही मुले आणि हृदयविकार असलेल्यांना हे अधिक बाधते.

अशा तुकड्यावर दाट देशी रान उभे करण्याची पद्धत जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी (1928-2021) यांनी रूढ केली. माणसाचा हात लागला नसता तर इथे काय उगवले असते, हा त्यांचा मूळ प्रश्न. उत्तर त्यांना शिंतो देवळांभोवती राखलेल्या जुन्या रानांत सापडले. आपल्याकडच्या देवराईची ही जपानी बहीणच. मुंबई महापालिकेनेही 2020 पासून शहरात अशी राने लावली.

पद्धतीचे नाव गाजले ते दाट लागवडीमुळे. पण खरे काम रोप लावण्याआधीचे, म्हणजे मातीचे आहे. राडारोडा भरलेल्या जागेत सिमेंट, विटांचे तुकडे, प्लास्टिक असते. माती दबून घट्ट झालेली असते. तिच्यात ना हवा, ना पाणी मुरायला जागा. म्हणून साधारण मीटरभर खणून ती मोकळी करावी लागते. पाणी धरायला नारळाचा भुसा, भुसभुशीतपणासाठी भाताचे तूस आणि पोषणासाठी शेणखत मिसळायचे, वरून पेंढ्याचे जाड आच्छादन घालायचे. हे न करता रोपे खोचली, तर फोटो छान येतो, एवढेच.

मग चौरस मीटरला सुमारे तीन रोपे. तीस फूट लांब-रुंद जागेत अडीचशे बसतात! उंच, मध्यम, ठेंगणी झाडे आणि झुडपे मिसळून लावायची, ओळीत नाही. प्रकाशासाठी चढाओढ लागते आणि झाडे भराभर वर जातात. काही मरतात, तेही अपेक्षितच. कोकणपट्टीत करंज, जांभूळ, ताम्हण, अर्जुन, बहावा आणि खाली कुडा, अडुळसा, करवंद चालतील. गुलमोहर कितीही देखणा असला तरी तो मादागास्करचा. सुबाभूळही नको.

रहिवाशांचा पहिला प्रश्न डासांचा असतो आणि तो रास्त आहे. डासांची पैदास साचलेल्या पाण्यात होते. डेंग्यूच्या डासाला तर टाकलेला टायर, करवंटी किंवा प्लास्टिकचा पेलाही पुरतो. म्हणजे झाडीत कचरा फेकणे थांबले नाही, तर तक्रार खरी ठरणार. कुंपण आणि आठवड्याची एक फेरी लागवडीच्या खर्चातच धरावी.

काही फलकांवर ‘दहापट वेगाने वाढ, तीसपट दाट’ असे आकडे झळकतात. ते कोणत्या लागवडीशी ताडून काढले, हे विचारून घ्यावे. पानांवर धूळ बसते, सावली पडते, पानांतून बाष्प सुटताना आसपासची हवा थोडी निवते. पण सारा वॉर्ड त्याने थंड होत नाही आणि रस्त्यावरचा धूर तर अजिबात थांबत नाही. पन्नास वर्षांचा वड तोडून त्याबदल्यात अडीचशे रोपे दाखवण्याचा हिशेब मला तरी पटत नाही. शिवाय ही पद्धत माळरानांवर नेऊ नये. लांडग्याला आणि तणमोराला उघडे गवतच हवे असते.

लागवड पावसाच्या तोंडावर करावी. त्यानंतर दोन-तीन वर्षे पाणी आणि तण काढणे चुकत नाही. पाने एकमेकांना भिडून जमीन सावलीत गेली की पुढे फारसे करावे लागत नाही. पाण्याचा खरा प्रश्न येतो दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात, जेव्हा टँकर वस्तीलाच पुरत नाही. तेव्हाचे पाणी कुठून येणार, पाइप कोण धरणार, हे पहिला खड्डा खणण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावे.