ऑफिसात साइट उघडत नाही? प्रॉक्सीतून सूट देण्याची योग्य पद्धत

कॉलेज किंवा ऑफिसच्या संगणकावर स्कॉलरशिपची किंवा बँकेची साइट उघडत नाही, घरी मोबाइलवर मात्र लगेच उघडते. फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली की जीव टांगणीला लागतो. असं का होतं?

अनेक संस्थांचं इंटरनेट आता झेडस्केलरसारख्या क्लाउड प्रॉक्सीतून जातं. हा वाटेवरचा तपासनाका. तो एनक्रिप्शन उघडून मजकूर तपासतो आणि स्वतःचं प्रमाणपत्र लावतो. काही ॲप्सना ते चालत नाही. काही साइट्स ठरावीक आयपी पत्त्यालाच आत घेतात, प्रॉक्सीचा पत्ता त्यांना अनोळखी असतो.

म्हणून उपायही दोन. प्रमाणपत्राची अडचण असेल तर त्या साइटपुरतं एनक्रिप्शन उघडणं बंद करावं. वाट प्रॉक्सीतूनच राहते. आयपीची अडचण असेल तर पॅक फाइलमध्ये, म्हणजे ब्राउझरला वाट सांगणाऱ्या फाइलमध्ये, त्या साइटसाठी ‘डायरेक्ट’ नियम लिहावा आणि फायरवॉलमध्येही तेवढी वाट मोकळी करावी.

सूट नेमक्या नावालाच द्या. अख्ख्या डोमेनला दिली, तर तिथून आलेला व्हायरस प्रॉक्सीला दिसणारच नाही. आणि प्रॉक्सी स्वतः बंद करू नका. साइटचा पूर्ण पत्ता आणि एररचा स्क्रीनशॉट आयटी विभागाला पाठवा.