अंतराळात जागे होणारे जुने विषाणू

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की आपण त्या विसरतो. त्यांचा विषाणू मात्र चेतापेशींत आयुष्यभर दडून राहतो. टी-पेशी, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी हेरून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याला डोकं वर काढू देत नाहीत. अंतराळात हा पहारा ढिला पडतो.

जंतूंविरुद्धची खबरदारी उड्डाणाआधीच सुरू होते. १९६८ मध्ये अपोलो-७ च्या अंतराळवीरांना यानातच सर्दी झाली. वजनरहित अवस्थेत नाकातला शेंबूड खाली ओघळत नाही, तुंबून राहतो. त्यांचे फार हाल झाले. आता उड्डाणापूर्वी विलगीकरण असतं. २०२५ मध्ये उड्डाण लांबत गेल्याने भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला त्यात सुमारे महिनाभर राहिले. नवे जंतू असे रोखता येतात, पण आत दडलेले सोबत जातातच.

मग यान कक्षेत पोहोचतं. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात चारशे किलोमीटर उंचीवर ते जमिनीच्या जवळपास ९० टक्के असतं. यान आणि माणसं पृथ्वीभोवती एकत्रच पडत राहतात, म्हणून वजन जाणवत नाही.

आता अपुरी झोप, बंदिस्त जागा आणि सततचा ताण यांमुळे कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि टी-पेशींना दाबतं. पण सगळा दोष ताणाचा नाही, वजनरहित अवस्थेचाही आहे. १९८३ मध्ये स्पेसलॅब या अंतराळातल्या प्रयोगशाळेत नुसत्या पांढऱ्या पेशी नेऊन त्यांना रसायनाने डिवचलं, तेव्हा त्यांचा प्रतिसाद जमिनीवरच्या पेशींच्या तीन टक्क्यांहूनही कमी भरला. काचपात्रातल्या पेशींना कसली आलीय चिंता! मला हा प्रयोग सर्वांत बोलका वाटतो.

रक्ताचा अहवाल वाचताना इथेच फसगत होते. पांढऱ्या पेशींची संख्या बऱ्याचदा ठीक दिसते, थोडी वाढलेलीही असते. घटलेलं असतं ते त्यांचं काम. म्हणून पेशी डिवचल्यावर किती जोमाने उठतात, हे तपासावं लागतं.

दडलेले विषाणू दिसतात ते लाळेत आणि लघवीत. नासाच्या तपासण्यांत शटल यानांतल्या ८९ पैकी ४७ आणि अंतराळस्थानकावरच्या २३ पैकी १४ जणांच्या नमुन्यांत नागीण-कुळातले (कांजिण्यांचा विषाणूही त्यातलाच) विषाणू सापडले. लक्षणं फार थोड्यांना दिसली. मुक्काम लांबला, तसं विषाणूंचं प्रमाणही वाढलं.

परतल्यावर प्रतिकारशक्ती हळूहळू सावरते, पण लाळेतून विषाणू काही आठवडे बाहेर पडू शकतात. घरी तान्हं बाळ असेल, तर तेवढे दिवस त्याचा पापा घेणं टाळलेलंच बरं.