वनप्रदेशातील भाषाशिक्षण : एका दशकाचा मागोवा

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे महाराष्ट्राचे शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेतले गेले, तेव्हा मराठी वाचल्याचे समाधान राज्यभर व्यक्त झाले. परंतु गडचिरोलीतील भामरागडच्या माडिया किंवा चंद्रपुरातील जिवतीच्या कोलाम आदिवासी मुलाला पहिलीत मराठीच परकी वाटते, हे त्या दोन-अडीच महिन्यांच्या वादात क्वचितच कोणी बोलले, आणि हा विसर क्लेशदायक आहे.

हा विसर शाळेच्या हेतूविषयीचाही आहे. शाळेने समाज आहे तसा पुढच्या पिढीच्या हाती न देता त्यातील अन्याय ओळखण्याचे व तो बदलण्याचे बळ मुलांना द्यावे, असे मानणाऱ्या विचाराला सामाजिक पुनर्रचनावाद म्हणतात. अमेरिकेत जॉर्ज काउंट्स यांनी १९३२ मध्ये तो ठामपणे मांडला, तर ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे यांनी शिकणाऱ्याच्या जगण्यातील शब्दांपासून साक्षरतेचा आरंभ करून याच दिशेची भाषाशिक्षणाची वाट दाखवली. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र, अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सुचवणारे ३५०-अ हे कलम १९५६ पासून संविधानात असूनही, पुढची पन्नास वर्षे सरकारी वर्गांत फारसे काही हलले नाही.

खरी घुसळण २००९ ते २०१९ या दशकात झाली. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि पाठोपाठ अनेक गावांत ठरावांच्या वह्या, लिलावाच्या निविदा व तेंदूपत्त्याच्या फळीवरील, म्हणजे संकलन केंद्रावरील, पुड्यांचा हिशोब हे रोजचे वाचन-लेखन झाले. कोणता माल, किती नग, कोठून कोठे जाणार, सही कोणाची, एवढे सांगणारा परवाना हा चौथीच्या भाषेच्या तासाला उत्तम पाठ ठरला असता, कारण गावाची सत्ता त्या कागदावर लिहिलेली होती. पाठ्यपुस्तकाने त्याची दखल घेतली नाही. त्याच काळात, २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाबरोबर, ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते हा सिद्धान्त, वर्गावर्गांत पोचला. फरश्यांवर अक्षरे रंगली, मुले गटांत बसू लागली, हे चांगलेच झाले. पण अनुभव कोणाचा आणि तो कोणत्या भाषेत मांडायचा, हा प्रश्न सोडून दिल्यामुळे सिद्धान्ताचा सामाजिक गाभाच हरवला.

तो प्रश्न धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये उचलला आणि 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल' ही गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली. गोटुल म्हणजे तरुण पिढीला समाजाचे रीतिरिवाज, गाणी व जबाबदाऱ्या शिकवणारी गोंड परंपरेतील संस्था. शिक्षण विभागाने २०२२ मध्ये ही शाळा अनधिकृत ठरवून नोटीस बजावली. शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे सांगते, तरी मोहगावापुढे त्याच कायद्यातील मान्यतेची अट ठेवली गेली. ती अट पूर्ण करण्यासाठी हात देणे आणि तेथील गोंडी पाठ कोरची-एटापल्लीच्या जिल्हा परिषद शाळांपर्यंत नेणे, हा मार्ग शासनाला मोकळा होता.