मागावरच्या माणसाचें म्हातारपण

गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्याचे आजोबा त्याचा दाखला नेण्यासाठीं आमच्याकडे आले होते. तीस वर्षें भिवंडींतील यंत्रमागांवर काढलेला हा मनुष्य. कान गेलेले, नजर मंदावलेली. कागद हातीं देतांच त्यांनीं विचारलें, "मास्तर, सरकारी माणसाला पेन्शन मिळते, तशी आमची कांहीं निघेल काय?" त्यांस प्रत्येक मालकाचें नांव आठवत होतें, पण आपण तेथें काम केलें हें सांगणारा एकही कागद त्यांजपाशीं नव्हता. त्या प्रश्नाचें उत्तर नीट द्यावें, म्हणून हा लेख.

कायदा पाहिला तर मार्ग सरळ आहे. 1952 च्या भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यानें 20 किंवा अधिक माणसें कामास असलेल्या ठिकाणीं सामान्यतः कामगाराच्या पगारांतून शेंकडा 12 कापले जातात व तितकेच मालक भरतो. 1995 पासून मालकाच्या हिश्श्यांतील शेंकडा 8.33, ठराविक मर्यादेपर्यंतच्या पगारावर, पेन्शनच्या फंडांत जातात. दहा वर्षें नोकरी भरली कीं वयाच्या 58 व्या वर्षीं पेन्शन सुरू होते.

पण ही विसाची अट ओलांडणेंच कठीण. आपल्या गांवीं एका छपराखालीं पुष्कळ माग असले, तरी कागदोपत्रीं ते अनेकदां भावाच्या, पुतण्याच्या, भाडेकऱ्याच्या नांवें वांटलेले असतात. मजुरी मीटरवर, हजेरी तोंडी. असा कामगार मालक बदलतो, तेव्हां त्याच्या मागें कांहींच उरत नाहीं.

सर्वत्र असें नव्हतें. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांस फंड होता. 18 जानेवारी 1982 रोजीं तेथें सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला. त्या काळांत गिरणीवाल्यांनीं भिवंडीच्या मागांवर कापड विणून घेतलें, आणि पुढें एकेक गिरणी बंद पडत गेली. काम इकडे आलें. फंड तिकडेच राहिला. आपलें कापड स्वस्त पडतें, त्यांत विणकराच्या म्हातारपणाचाही वांटा आहे, असें आम्हांस वाटतें.

2015 सालीं निघालेली अटल पेन्शन योजना फंडाबाहेरच्या अशा लोकांसाठींच आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पुढील हिशेब स्वतः करून पाहावा. साठीनंतर दरमहा 1000 रुपये हवे असल्यास, 18 व्या वर्षीं खातें उघडणारा महिना 42 रुपये भरतो. 40 व्या वर्षीं उघडणारा 291. पहिल्याचे 42 वर्षांत 21,168 रुपये जातात, दुसऱ्याचे 20 वर्षांत 69,840. पेन्शन दोघांस सारखीच! मधला फरक व्याजावरच्या व्याजानें भरून काढला.

मात्र महागाई दरसाल शेंकडा 5 नें वाढली, तर किंमती सुमारें 14 वर्षांत दुप्पट व 42 वर्षांत आठपट होतात. म्हणजे आज 125 रुपयांस जें मिळतें, त्यास तेव्हां हजार पडतील. नुसत्या कामगाराच्या काटकसरीनें हें भागणारें नाहीं. मालकाचा वांटा हवाच. एका छपराखालचे माग एकच कारखाना धरावे, असें आमचें स्पष्ट मत आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें तर फंडासाठीं विसाची अट तशीच ठेविली आहे.

आजोबांस या दोन्ही वाटा बंद होत्या. आम्ही त्यांस तहसील कचेरींतून श्रावणबाळ योजनेचा अर्ज आणून दिला. 65 वर्षांवरील निराधारांसाठींची ही राज्याची योजना. तिला मालकाचा कागद लागत नाहीं, पण वयाचा व उत्पन्नाचा दाखला लागतो. वयाचा दाखला शोधणें अजून चालू आहे.