पुस्तकांच्या पेटीबरोबर माणूसही हवा




‘घरातली जुनी पुस्तके गोळा करून ठेवली आहेत, आदिवासी मुलांसाठी कोठे पाठवू?’ असे अनेक मंडळ्यांमधून विचारले जाते. या प्रश्नामागे प्रेम आहे. पण पेटी बांधण्याआधी ती उघडणार कोण, याचाही विचार व्हायला हवा. म्हणून या अंकात १३ ते १८ वर्षांची आदिवासी मुलेमुली आणि त्यांच्या तालुक्याच्या गावचे सार्वजनिक वाचनालय यांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

वाचनालय कोणाचे?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि त्या त्या वर्गाप्रमाणे दरवर्षी अनुदान मिळते. पुष्कळांना वाटते की ही ग्रंथालये सरकारच चालवते. तसे नाही. बहुतेक ठिकाणी गावकऱ्यांनी नोंदवलेली संस्था ते चालवते. तिचे कार्यकारी मंडळ असते, सभासद असतात, वार्षिक सभा असते. ग्रंथपाल बहुधा अगदी थोड्या मानधनावर काम करतात. म्हणजे वाचनालय किती वाजता उघडावे, कोणती पुस्तके घ्यावीत, हे ठरवणारी माणसे त्याच गावातली असतात. त्यांना भेटता येते, विनंती करता येते. हे ध्यानात ठेवले की पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

आता अशा वाचनालयात पंधरा वर्षांची एक मुलगी शिरली आहे असे समजा. समोरच्या टेबलावर वर्तमानपत्रे आणि ती वाचणारी वडीलधारी मंडळी. कपाटांत कादंबऱ्या, चरित्रे, धार्मिक ग्रंथ. खालच्या फळीवर चित्रांची पुस्तके, ती तिच्या धाकट्या भावासाठी ठीक. कोपऱ्यात पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, ती तिच्या मोठ्या भावासाठी. तिच्यासाठी काय? काहीच नाही. ती पाच मिनिटे उभी राहते आणि निघून जाते. पुन्हा येत नाही.

चार अडचणी

पहिली अडचण भाषेची. नंदुरबारकडच्या घरांत भिली, मावची, पावरी बोलली जाते, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, पालघरकडे वारली. पाठ्यपुस्तकातली मराठी ही या मुलांची दुसरी भाषा. ती वाचता येते, पण तीत रमता येत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती, तर नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६४ टक्के, आणि त्या जिल्ह्यातली दोन तृतीयांशांहून अधिक वस्ती आदिवासी आहे. आकड्यांत साक्षर म्हणून मोजलेली किती तरी मुले एक पान वाचून दमतात.

दुसरी अडचण पैशांची. वर्गणी थोडी असते, पण अनामत रक्कम एकदम भरावी लागते. त्याहून मोठी भीती म्हणजे पुस्तक हरवले तर? घर गळके, धाकटी भावंडे हाताळणारी, पावसाचे चार महिने. आई म्हणते, ‘नको आणू घरी.’

तिसरी अडचण वेळेची, आणि ती मुलींना अधिक जाणवते. वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडते. सकाळी पाणी आणि स्वयंपाक, संध्याकाळी अंधार पडायच्या आत पाड्यावर पोहोचायचे. शिवाय आत सगळे पुरुष बसलेले. मग मुलगी यायची कशी?

चौथी अडचण स्थलांतराची. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात ती उन्हाळ्यात परततात. काही मुले आश्रमशाळेच्या वसतिगृहात असतात, ती गावी येतात दिवाळीत आणि मे महिन्यात. पंधरा दिवसांत पुस्तक परत करण्याचा नियम या दोघांनाही लागू पडत नाही.

हे सारे का महत्त्वाचे? दहावीला अडखळलेल्या मुलापुढे शाळेचा दरवाजा बंद होतो. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, मुलगा मुकादमाबरोबर जातो. अशा वेळी गुणपत्रिका न विचारणारा, वय न पाहणारा, पुन्हा आत घेणारा एकच दरवाजा गावात उरतो, तो वाचनालयाचा. तोही त्याला परका वाटला, तर वाचता येणारे मूल चारपाच वर्षांत वाचणे विसरते. शाळेने दिलेली दहा वर्षे अशी वाहून जातात.

काय केल्याने मुले येतात?

वेगळी फळी आणि वेगळा वार. किशोरांसाठी एक फळी, हाताला येईल अशा उंचीवर, आणि आठवड्यातली एक दुपार फक्त त्यांची. बाजाराचा दिवस धरला तर पाड्यांवरची मुलेही येतात, कारण त्या दिवशी गावात यायला वाहन असते. त्या दुपारी एखादी ताई किंवा शिक्षिका हजर असली की आईवडील मुलींना पाठवतात.

मोठ्याने वाचन. कार्यक्रमाची सुरुवात भाषणाने नको. कोणीतरी एक गोष्ट दहा मिनिटे चांगली वाचून दाखवावी आणि उत्सुकता वाढेल तेथे थांबावे. अडखळत वाचणाऱ्या मुलाला सर्वांसमोर उभे करून वाचायला लावू नये. त्याला दोघांच्या जोडीत बसवावे.

वयाला साजेसे साहित्य. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे लेख लहान असतात, चित्रे असतात, आणि ते पोरकट नसते. एक वर्षाची वर्गणी म्हणजे दर महिन्याला मुलांच्या हाती पडणारा नवा अंक. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर गोष्टी विनामूल्य मिळतात, त्या छापूनही घेता येतात. तेथे मराठीबरोबर कोरकू आणि गोंडीतल्या गोष्टीही आहेत. आपल्या घरची भाषा छापलेली पाहून मूल आधी हसते आणि मग वाचू लागते.

आपल्या माणसांची पुस्तके. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’, भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’, उषाकिरण आत्राम यांचा ‘म्होरकी’ हे कवितासंग्रह आणि नजुबाई गावित यांचे लेखन मोठ्या मुलांच्या फळीवर असायला हवे. आदिवासी माणूस पुस्तकात फक्त चित्रापुरता नसतो, तो पुस्तक लिहितोही, हे सोळाव्या वर्षी कळणे फार मोलाचे आहे.

हाताला काम. भित्तिपत्रक हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकणारा उपक्रम. मुलांनी घरी जाऊन आजीकडून एक गोष्ट, पाच म्हणी, दहा रानभाज्यांची नावे विचारून यायची. ती घरच्या भाषेत, देवनागरीत लिहायची आणि शेजारी मराठी अर्थ द्यायचा. यात शुद्धलेखनाच्या चुका काढू नयेत. जी आजी निरक्षर म्हणून मागे बसत होती, तीच येथे सर्वांची शिक्षिका होते.

गरजेचे वाचन. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेची स्लिप, बसचे वेळापत्रक हेही वाचनच आहे. महिन्यातून एकदा ‘अर्ज भरू या’ अशी दुपार ठेवली, तर कामासाठी आलेला मुलगा जाताना गोष्टीचे पुस्तकही नेतो.

स्थलांतराची पिशवी. गाव सोडणाऱ्या मुलाला पाच जुनी पण चांगली पुस्तके, एक वही आणि पेन कापडी पिशवीतून द्यावे. परतीची तारीख लिहू नये. हरवली तरी विचारू नये. त्याचप्रमाणे आश्रमशाळेत पुस्तकांची पेटी ठेवून ती दोन महिन्यांनी बदलावी. पुस्तके फाटतील, हे धरूनच चालावे. कपाटात कोरी राहिलेली पुस्तके कोणाच्याच उपयोगाची नाहीत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच हा आहे की पुस्तके वापरण्यासाठी असतात.

आपला वारसा

हे काम आपल्या मंडळीला नवे नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८७२ साली मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक सुरू केले. अहमदनगरला रेव्ह. नारायण वामन टिळकांच्या घरी खानदेशातल्या धरणगावचा एक मुलगा येऊन राहिला होता, त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवले, तोच हा. टिळक दांपत्याने त्याला घर दिले आणि माया दिली. लक्ष्मीबाई टिळक स्वतः शाळेत न जाता लग्नानंतर लिहावाचायला शिकल्या, आणि पुढे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिले. दोन्ही ठिकाणी पुस्तकाबरोबर शेजारी बसणारे माणूस होते.

मंडळीने काय करावे?

जुनी पुस्तके पाठवायची असतील, तर आधी ग्रंथपालांना विचारा. जुनी गाइडे, फाटकी पाठ्यपुस्तके, कालबाह्य परीक्षांचे संच पाठवू नका. आपल्या मुलाला वाढदिवसाला जे पुस्तक द्याल, तेच पाठवा.

पुस्तकांऐवजी दहा मुलांची अनामत रक्कम आणि वर्षाची वर्गणी भरा. यासारखी थेट मदत दुसरी नाही.

जवळच्या मंडळीने तरुण संघातून किंवा महिला मंडळातून दोन व्यक्ती द्याव्यात. महिन्यातून दोन दुपारी, पण वर्षभर न चुकता. एकदा येऊन छायाचित्र काढून गेलेल्या दहा पाहुण्यांपेक्षा नेमाने येणारी एक ताई मुलांना हवी असते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जरूर साजरा करा, पण १६ तारखेलाही या.

स्थानिक वाचनालयाचे सभासद व्हा, वार्षिक सभेला जा, आणि किशोरांसाठी एक दुपार मागून घ्या.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. सार्वजनिक वाचनालय सर्व धर्मांच्या लोकांचे आहे. तेथे आपण सेवक म्हणून जातो. या दुपारी धर्मप्रचार होणार नाही, पत्रके वाटली जाणार नाहीत, हे पालकांना आणि कार्यकारी मंडळाला आपण आधीच सांगावे आणि पाळावे. मुलांवर निरपेक्ष प्रेम करणे हीच तेथे आपली साक्ष.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला तो प्रसंग आपणांस ठाऊक आहे. कूश देशाचा अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत होता. पुस्तक हातात होते, अक्षरओळख होती, इच्छाही होती. तरी अर्थ उलगडत नव्हता, कारण शेजारी कोणी नव्हते. फिलिप्प धावत गेला, त्याने विचारपूस केली, आणि बोलावल्यावर तो रथात चढून त्याच्याजवळ बसला. आपल्या पाड्यांवरच्या मुलांच्या हातीही पुस्तक पोहोचवता येईल. शेजारी बसायला कोण जाईल, एवढाच प्रश्न उरतो.

प्रार्थनेचे विषय

१. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी, त्यांचे वाचन सुटू नये म्हणून.
२. दहावीनंतर घरी बसलेल्या मुलींसाठी व त्यांच्या आईवडिलांसाठी.
३. थोड्या मानधनावर वाचनालये उघडी ठेवणाऱ्या ग्रंथपालांसाठी.
४. वर्षभर नेमाने वेळ देणारी माणसे प्रत्येक मंडळीतून पुढे यावीत म्हणून.